तीनशे साठ श्वासांची घटका

एका राज्यात दर सात वर्षांनी सिंहासन तीन दिवस रिकामे राहत असे. राजा खाली उतरे, मुकुट काढून कोनाड्यात ठेवी आणि चारचौघांसारखा रांगेत येऊन उभा राही. कारण त्या राज्यात राजा जन्माने होत नसे, तलवारीनेही होत नसे. राजा होई तो कौलाने.

कौल द्यायची रीत अशी. तळ्याकाठी कौलघर होते. आत तीन काळी मडकी. एकावर सूर्य कोरलेला, तो गादीवरच्या राजाचा. दुसऱ्यावर भाला, तो गादी मागणाऱ्याचा. तिसऱ्यावर काहीच नाही. ज्याला दोघेही नको असतील त्याच्यासाठी ते. दारात प्रत्येकाला एक गुंज मिळे. ती मुठीत धरून एकट्याने आत जायचे, हव्या त्या मडक्यात टाकायची, बाहेर यायचे. कोणी विचारायचे नाही, कोणी सांगायचे नाही.

पण आत थांबायचे किती वेळ? जुनी माणसे सांगत, पहिल्या कौलाला वेळेचे बंधन नव्हते. एक गावपाटील आत गेला तो तीन दिवस बाहेरच आला नाही. सूर्य की भाला, भाला की सूर्य, त्याचे ठरेना. भाकरी आत मागवली. घोंगडी आत मागवली. बाहेरच्या रांगेत दोन बाळंतपणे झाली, नावेही रांगेतच ठेवली. तेव्हा लोक चिडले आणि तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या घटीमाय नावाच्या जादूगारणीकडे गेले. तिने तांब्याचे एक घटिकापात्र करून दिले. वाटीएवढे, बुडाला बारीक भोक. माणूस आत शिरला की पात्र दारातल्या दगडी कुंडात पाण्यावर सोडायचे. भोकातून पाणी चढे, पात्र जड होई, बुडे. ते बुडायच्या आत जो बाहेर आला तो माणूस. जो आत राहिला तो पक्षी.

यात कोणाला नवल वाटत नसे. कौलघराच्या छपरावर तसे एकशे चाळीस पक्षी होते. माणसासारखे बोलत, पण कोण होतो ते विसरलेले. कारण तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की मडकी फोडून गुंजा मोजत, आणि मडकी फुटली की त्या कौलात पक्षी झालेल्यांचे, तोवर पुसट होत आलेले नाव आणि घर त्यांच्या डोक्यातून पुरते पुसले जाई. बोलणे राही, माणूस जाई.

त्या राज्यात बकुळा नावाची मुलगी राहत असे. पाठशाळेत शिकलेली, चार ग्रंथ वाचलेली, पण अशी भित्री की चुलीवरच्या भांड्याचे झाकण थडथडले तरी दचकावी. भीती वाटली की ती मनात श्वास मोजी. सतरा, अठरा, एकोणीस. मोजता मोजता काळीज जागेवर येई.

तिच्या घराण्याचे नाव उजळकर. घटिकापात्र उजळायचा मान त्यांचा. कौलाला चाळीस दिवस उरले की पात्र त्यांच्या घरी येई. चिंच, मीठ, राख, विटेची भुकटी लावून रोज घासायचे. भोकात किटण बसू नये म्हणून सुताचा दोरा भुकटीत बुडवून त्यात ओवायचा आणि एकशे आठ वेळा पुढे-मागे ओढायचा. पाच पिढ्या हे काम चालले होते. बकुळेचे वडील सोमा उजळकर यांनी ते चाळीस वर्षे केले. मग त्यांचे हात कापू लागले, नजर अधू झाली, म्हणून सात वर्षांपूर्वीचा आणि यंदाचा, असे दोन कौल पात्र बकुळेने उजळले.

यंदा ते असे चमकले की दंडकरी भानजीरावांनी त्यात मिशी विंचरली. दंडकरी म्हणजे कौलघराचा कारभारी. सिंहासन रिकामे असेल ते तीन दिवस त्याचाच शब्द शेवटचा.

कौलाचा पहिला दिवस उजाडला. बकुळा आणि तिचे आबा रांगेत लागले. दुपार कलली तेव्हा पाळी आली. बकुळा आत गेली, धावली, गुंज टाकली, बाहेर आली. मग आबा आत गेले.

पात्र पाण्यावर सोडले. बकुळा भ्यालीच होती; ती श्वास मोजू लागली. नऊ. आतून टक् असा आवाज आला. आबांच्या बोटांतून गुंज निसटली होती. तेरा. "कुठं गेली रे बाबा," आबा आत पुटपुटत होते, हाताने जमीन चाचपत होते. अठरा. "आबा, असू द्या, बाहेर या!" बकुळा ओरडली. वीस. एकवीस.

पात्र बुडाले.

कौलघराच्या खिडकीतून एक तांबट पक्षी बाहेर आला. हिरवा, कपाळावर तांबडा टिळा. छपराच्या कडेला बसला आणि म्हणाला, "बकुळे, गुंज सापडली होती गं. उचलत होतो."

बकुळा दंडकऱ्यासमोर उभी राहिली.

"भानजीराव, पात्र लवकर बुडालं."

"पात्र बुडतं तेव्हाच बुडतं, पोरी. घटका ती घटका."

"एकवीस श्वासांत घटका होते?"

"मी श्वास मोजत नाही. माझ्यामागे अकराशे माणसं उभी आहेत. पुढचा कोण?"

पुढचा एक म्हातारा तेली होता. तो हळूच म्हणाला, "खरं सांगू का? माझा आजा म्हणायचा, कौलघरात गेलं की गारवा असतो, बसून एक पान लावावं, खावं, मग गुंज टाकावी."

"तेव्हाची माणसं चपळ होती," भानजीराव म्हणाले.

"चपळ माणूस आत पान लावत बसतो होय?" तेली म्हणाला, आणि पात्र सोडताच आत पळाला.

बकुळेच्या मनात ते पान रुतून बसले. पान लावायला किती श्वास लागतात? चुना, कात, सुपारी, लवंग. एकवीसमध्ये तर सुपारीही कातरून होत नाही. मग पात्र बदलले की पाणी बदलले? की माणसेच मंद झाली? भीतीच्या जागी तिला एक निराळेच वाटू लागले. तिला कळून घ्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळ्यावर गेली. गुडघाभर पाण्यात उतरली, तोंड पाण्यात घातले आणि हाक मारली, "घटीमाय!"

मागून कोणीतरी म्हणाले, "एवढ्या जोरात कशाला?"

बकुळा दचकून पाण्यात पडली. काठावर एक म्हातारी बसली होती. केसांत शिंपले, डोळे तांब्याच्या रंगाचे, लुगडे कोरडे ठणठणीत.

"माय, तुमच्या पात्राची घटका किती श्वासांची?"

"मी केलं तेव्हा होती तेवढी."

"ती किती?"

"मी सांगितलं तर तुझा दंडकरी म्हणेल, म्हातारीला काय आठवतंय! तीन साक्षी शोध. एक उभा, एक चालता, एक उडता. तिघांनीही माझं पात्र पहिल्यांदा बुडताना पाहिलेलं असावं. तिघांचं माप एक निघालं तर मला सांगायला ये."

"आणि नाही निघालं तर?"

"तर तुझा आबा उद्या संध्याकाळी तुला ओळखणार नाही."

एवढे बोलून ती पाण्यात शिरली. पाणी हललेही नाही.

उभा साक्षी शोधायला लांब जावे लागले नाही. कौलघराच्या अंगणात जुनाट चिंच होती. बकुळेने तिच्या खोडाला हात जोडले. "चिंचमावशी, साक्ष द्या. पात्र पहिल्यांदा बुडालं तेव्हा किती वेळ लागला?"

चिंच म्हणाली, "झाडाला वेळ कळत नाही. सावली कळते. पात्र सोडलं तेव्हा माझी सावली पहिल्या पायरीवर होती, बुडालं तेव्हा दुसरीवर. बघायचं असेल तर उभी राहा. पण हललीस तर पुढचं विचारू नकोस."

बकुळा उभी राहिली. सावली पहिल्या पायरीच्या कडेला टेकली आणि तिने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. डोक्यावर एक कच्ची चिंच पडली; ती हलली नाही. पायावरून सरडा गेला. डोळे घट्ट मिटले, हलली नाही. रांगेतून कोणी टवाळ ओरडला, "अहो, उजळकरांची मुलगी खांब झाली, हिच्यावर पणती ठेवा!" ती हलली नाही. शंभर झाले, दोनशे झाले. आयुष्यात इतका वेळ ती एका जागी कधी उभी राहिली नव्हती. सावली दुसऱ्या पायरीला लागली.

तीनशे साठ.

चालता साक्षी तळ्याच्या चिखलात होता. पाठीवर शेवाळ धरलेले कासव.

"कासवबाबा, साक्ष द्या."

कासवाने मान बाहेर काढली. तेवढ्यातच बकुळेचे दहा श्वास झाले. "त्या दिवशी गर्दी कसली म्हणून बघायला निघालो होतो," ते म्हणाले. "पात्र पाण्यावर पडल्याचा आवाज आला तेव्हा मी या दगडापाशी होतो. कौलघराच्या उंबऱ्याला पोचलो आणि ते बुडालं. चल माझ्या मागून. पुढे गेलीस तर मी परत फिरणार."

"पण तेव्हा तुम्ही तरुण असाल. भरभर चालत असाल."

"पोरी, कासव तरुणपणीही कासवच असतं."

निघाले. एक पाऊल कासवाचे, त्यात बकुळेची अर्धी टाच. तिचे पाय आतून शिवशिवत होते. आबा छपरावर, दिवस सरतोय, आणि आपण कासवाच्या मागे! एकदा पाऊल पुढे पडणारच होते. तिने दुसऱ्या पायाने ते दाबून धरले. कासवाने वाटेत एक पान खाल्ले. "त्या दिवशीही खाल्लं होतं," ते म्हणाले. उंबरा आला.

तीनशे साठ.

बकुळेच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. दोन निराळ्या जिवांनी एकच आकडा सांगितला होता.

उडता साक्षी छपरावरचाच, पण तो कोणाशी बोलत नसे. भला मोठा धनेश, चोचीवर चोच ठेवल्यासारखा. पक्ष्यांमध्ये तो सगळ्यांत जुना. तिसऱ्या दिवशी सकाळी तो रानातून परतला तेव्हा बकुळा शिडी लावून छपरावर चढली. आबा तिच्या खांद्यावर येऊन बसले. त्यांचे बोलणे आता अडखळत होते.

"बकुळे," ते म्हणाले, "तुझ्या आईचं नाव काय होतं गं?"

"यशोदा, आबा."

"हां. यशोदा."

बकुळेने धनेशाला हात जोडले. "साक्ष द्या. तुम्ही पात्र पहिल्यांदा बुडताना पाहिलंत?"

"पाहिलं कुठलं! मी आत होतो. पक्षी झालेला पहिला मी." धनेशाने पंख झाडले. "नाव आठवत नाही. गाणं आठवतं. मी आत गेलो तेव्हा रांगेतल्या बायकांनी एक गाणं धरलं. शेवटच्या कडव्याला माझा डोळा लागला. गाणं संपलं नि पात्र बुडालं, त्या आवाजाने जाग आली तर चोच."

"ते गाणं म्हणाल?"

"मध्ये बोलायचं नाही. खोकायचं नाही. लय मोडली की मी विसरतो."

आणि त्या दांडग्या चोचीतून बारीक, बाईचा वाटावा असा सूर निघाला:

*रांग माझी लांब गं, ऊन गं सरलं,*
*गुंजेच्या डोळ्याला काजळ उरलं...*

एकवीस कडवी होती. रांगेतला गोंगाट थांबला. राजा सुकेतू डोक्यावर उपरणे घेऊन रांगेत उभा होता, तोही मान वर करून ऐकू लागला. आबा मध्येच "टुक" म्हणायला गेले. बकुळेने त्यांची चोच दोन बोटांत हलकेच धरली. शेवटचे कडवे संपले.

तीनशे साठ.

ती शिडीवरून उतरली नाही, घसरली. तळ्यावर गेली. घटीमाय काठावर शिंपले निवडत होती.

"तिघांचं माप एक, माय. तीनशे साठ श्वास!"

"बरोबर," घटीमाय म्हणाली. तिने पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचा एक लांब केस बकुळेच्या हातात दिला. "हा केस एकदा जाईल एवढंच भोक मी पाडलं होतं. आता ऐक. माप खोटं असेल तर त्या मापाने झालेली शिक्षाही खोटी. पण ती आपोआप सुटत नाही. ज्याच्या हाताने माप बिघडलं, त्याने भर कौलात, दंडकऱ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने ते सांगावं. सूर्य मावळायच्या आत."

"आणि तो कबूल नाही झाला तर?"

"ते त्याला विचार. आधी शोध तर."

बकुळा परत निघाली. कोणी बिघडवले असेल? भाल्याच्या मडक्याचा धनी रणकेसरी, ज्याला म्हाताऱ्यांचे कौल नको असतील? की राजा? की भानजीराव, ज्यांना रांग लवकर संपवायची घाई? प्रत्येकाचा चेहरा ती मनात उलटसुलट करून पाहत होती.

दुपारी रांगेला विसावा असे. तेवढ्या वेळात पात्र पुसायचा मान उजळकरांचा. बकुळेने पात्र उचलले, उपडे केले, घोड्याचा केस भोकात ओवला. गेला. दुमडून ओवला, गेला. तिघडी, चौघडी. सतरा पदर झाले तेव्हा कुठे केस अडला.

तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवले. छिन्नीने वाढवलेले भोक खरखरीत लागते. हे गुळगुळीत होते. लोण्यासारखे. कडेला दोऱ्याच्या जाडीची एक मऊ खाच होती, पुढे-मागे, पुढे-मागे ओढून पडलेली.

तिला ती खाच ओळखीची होती. यंदाच चाळीस दिवस, रोज एकशे आठ वेळा, तिनेच तिच्यातून दोरा ओढला होता.

पात्र तिच्या हातून सुटता सुटता राहिले. कोणी शत्रू नव्हता. भक्ती होती, विटेची भुकटी होती आणि पाच पिढ्यांचे हात होते. शेवटचे दोन हात तिचे.

कौलघराच्या भिंतीवर नियम कोरलेला होता, लहानपणापासून तिला पाठ: पात्रास इजा करील त्याचा उजवा हात जाईल.

आबा तिच्या खांद्यावर उतरले. त्यांनीही ती खाच पाहिली. चाळीस वर्षे पात्र घासलेला माणूस तो. त्याला सांगावे लागले नाही.

"बोलू नकोस," आबा म्हणाले. "मला फळं मिळतात. झाड आहे. हात गेला तर तुझं कसं व्हायचं?"

"आबा, माझं नाव काय?"

तांबटाने चोच उघडली. मान तिरकी केली, सरळ केली. "सांगतो," तो म्हणाला. "जिभेवर आहे."

विसावा संपला, शिंग वाजले. बकुळा कुंडापाशी गेली. रांगेतली सगळी माणसे समोर. तिने श्वास मोजायचा प्रयत्न केला, पण दोनाच्या पुढे आकडा येईना. म्हणून न मोजताच ती बोलली.

"भानजीराव, घटका खोटी आहे. तीनशे साठ श्वासांची होती, एकवीसची झाली. चिंच, कासव आणि धनेश साक्षीला आहेत. हा घोड्याचा केस, आणि हे भोक. सतरा पट वाढलंय. आमच्या दोऱ्याने वाढलंय. माझ्या हाताने माप बिघडलं. मी कबूल करते."

तिने पात्र उपडे करून कुंडाच्या काठावर ठेवले.

मग छप्पर कुरकुरले. ज्या पक्ष्यांना खोट्या मापाने शिक्षा झाली होती ते सगळे एकाच वेळी माणसे झाले, आणि सगळे छपरावरच होते. "अरे सरका, कौलं सरकताहेत!" "माझ्या पदरावरून पाय काढा!" शिड्या आणाव्या लागल्या. पन्नास वर्षांपूर्वीची एक कासारीण उतरता उतरताच विचारत होती, "माझी गुंज कोणी उचलली?" सोमा उजळकर कुंडाच्या काठावर उघड्या डोक्याने बसले होते. पागोटे तेवढे कुठे गेले ते कळले नाही.

"बकुळा," ते म्हणाले. "बकुळा तुझं नाव."

ती त्यांच्याकडे धावणार, तोच भानजीरावांचा दंड आडवा आला.

"थांब. भिंतीवर काय लिहिलंय?"

"पात्रास इजा करील त्याचा उजवा हात जाईल," बकुळा म्हणाली आणि उजवा हात कुंडाच्या काठावर ठेवला. तिने तो मागे घेतला नाही.

सोमा उजळकर उठले, आपला कापरा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. "ही दोन कौल घासत होती, मी चाळीस वर्षं. आधी माझा."

"तुमच्या आधी कोण?" भानजीरावांनी विचारले.

"माझी आई. तिच्या आधी तिचा सासरा."

"आणि घासायला सांगितलं कोणी?"

रांगेतून राजा सुकेतू म्हणाला, "तीन दिवस मला बोलायचा अधिकार नाही. पण दर कौलाआधी घासायचा हुकूम निघतो तो तुमच्या शिक्क्याने, भानजीराव."

"अजून तुम्हाला बोलायचा अधिकार नाही," भानजीराव म्हणाले. मग त्यांनी पात्र उचलून खाचेवरून बोट फिरवले. "मीच सांगून पाठवलं होतं, यंदा चेहरा दिसला पाहिजे. दिसला. मिशी विंचरली. पोरगी परवा समोर उभी राहून सांगत होती, एकवीस श्वास, तर मी म्हणालो मोजत नाही." त्यांनी दंड भिंतीला टेकवला आणि आपला जाडजूड हात त्या दोन हातांशेजारी ठेवला. "छाटायचे तर हे तीन छाटा. आणि ज्यांनी ज्यांनी पात्र बघून वाहवा केली, त्यांनीही पुढे यावं."

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. पात्राला वाहवा न केलेला माणूस त्या राज्यात सापडणे कठीण होते. एक आला, हात ठेवला. दुसरा आला. कुंडाचा काठ पुरेना.

"हे काय, पाणी पिताय सगळे?" कुंडातून आवाज आला. घटीमाय कमरेपर्यंत वर आली होती. बकुळा दचकलीच. "शिक्षा द्यायला कोणी उरलं नाही, तर ती द्यायची कशी? आणा ते पात्र."

तिने भोकावर अंगठा दाबला. तांबे मेणासारखे मिटले. मग बकुळेच्या हातातला केस घेऊन त्यातून एकदा आरपार नेला. झाले.

"यापुढे घासू नका," ती म्हणाली. "काळं पडू द्या. आणि दर कौलाआधी तुमच्यातला सगळ्यांत मंद माणूस आत पाठवा. तो आरामात बाहेर आला तर माप खरं. आणि काही हवंय?"

"शाप," बकुळा म्हणाली. तिला स्वतःचेच नवल वाटले. "शाप परत घ्या, माय. बंधन हवं, नाहीतर पाटील घोंगडी मागवतो. पण उशीर झाला तर माणसाने बाहेर येऊन पुन्हा रांगेच्या शेवटी लागावं. पक्षी कशाला व्हायचं?"

"तुमच्याच लोकांनी मागितला होता, म्हणून दिला. मला कुठं हवा होता!" घटीमायने हात झटकला, बोटांवरून एक तांबूस थेंब कुंडात पडला आणि विरला. छपरावर एकटाच उरलेला धनेश डोकावला.

"तूही सुटलास," ती त्याला म्हणाली.

"मी खरंच झोपलो होतो," धनेश म्हणाला. "आणि एव्हाना मला उडायची सवय झालीय." तो रानाकडे गेला.

सूर्य डोंगराला टेकत आला होता आणि रांग अजून तळ्याला वळसा घालून उभी होती. त्यात छपरावरून उतरलेली माणसेही लागली होती. कोणी म्हणाले, एवढी घटका प्रत्येकाला, तर हे उद्यापर्यंत चालणार! पण तसे झाले नाही. पळावे लागत नव्हते म्हणून कोणी अडखळत नव्हते. बहुतेक जण वीस-तीस श्वासांतच बाहेर येत होते. ज्याला जास्त हवे तो जास्त घेई. भानजीराव उठले, रांगेच्या अगदी शेवटच्या माणसामागे जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "सूर्य मावळला की माझ्या मागे कोणी लागायचं नाही. माझ्या पुढे जे आहेत, त्या सगळ्यांचा कौल होईपर्यंत मडकी फुटायची नाहीत."

मग सोमा उजळकर नवी गुंज घेऊन आत गेले. बकुळा दाराशी उभी राहिली. पात्र पाण्यावर डुलत होते. आतून चाचपण्याचा आवाज आला. मडक्यावरची खूण बोटांनी वाचत असावेत. मग काहीच नाही. मग पुन्हा चाचपणे.

"झोपले की काय?" मागचा गवळी म्हणाला.

"तुझी पाळी आली की तूही झोप," तेली म्हणाला. "घटका आहे."

पात्राच्या काठाला पाणी लागायला अजून बराच अवकाश होता, तेव्हा आबा बाहेर आले. चेहरा उन्हातून सावलीत आल्यासारखा.

"कोणाला दिलात, आबा?" बकुळेच्या तोंडून गेले.

सोमा उजळकरांनी तिच्याकडे असे पाहिले, जसे ती लहान असताना चुलीत हात घालायला गेली की पाहत. "विचारायचं नसतं," ते म्हणाले, आणि घराच्या वाटेला लागले.

दिवे लावून रांग चालली, आणि शेवटी भानजीरावांचाही कौल झाल्यावर मडकी फुटली. सुकेतू राजा सात गुंजांच्या फरकाने पुन्हा गादीवर बसला. रणकेसरीने मोजणी दोनदा करून पाहिली आणि मग मान लववून निघून गेला. कौलघराचे छप्पर शाकारून घ्यावे लागले.

त्या लोकांची रांग जशी कोणाला मागे न टाकता पुढे सरकली, तशी तुमची-आमची सरको.